चौदाशे नव्व्याण्णव, दरवर्षी

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं टिपण्या लिहिलेला हात स्वस्थ बसत नाही. ही वही कोणी वाचणार नाही. त्यामुळे खरं तेच लिहायचं.

सद्यःस्थिती: वय एकसष्ट. साखर बॉर्डरवर. पद: डिस्ट्रिक्ट पार्टनर, गल्लामित्र, अकोला जिल्हा. व्हिजिटिंग कार्डं पाचशे छापली होती, चारशे साठ शिल्लक.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की आपलं प्रॉडक्ट एका दमात सांगता आलं पाहिजे. ‘गल्लामित्र म्हणजे दुकानदाराचं सॉफ्टवेअर. मोबाइलवर बिल, मोबाइलवर उधारी, मोबाइलवर स्टॉक. दरवर्षी फक्त चौदाशे नव्व्याण्णव.’ भागीरथाला म्हणून दाखवलं. बायको असली तरी ग्राहक समजून म्हटलं. ती म्हणाली, "कणीक सरली."

एकूण ग्राहक तेवीस. अकोल्यात अकरा, बाकीचे बाळापूर आणि तेल्हाऱ्याकडचे. पहिला ग्राहक अर्थात उत्त्या. उत्तम फुलवाले, टिळक रोड. बाळापूरच्या शाळेत पाचवीपासून आम्ही एका बाकावर. मागच्या दसऱ्याच्या तोंडावर त्याच्या मोबाइलमध्ये मीच सगळं भरून दिलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. हाराला दोरा ओढत म्हणाला, "तू म्हणतो ना शेष्या? मंग कर."

याला म्हणतात गुडविल.

संकल्प: दिवाळीपर्यंत पन्नास ग्राहक. रोज तीन दुकानं. चहा बिनसाखरेचा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानं: शून्य. सणाच्या दिवसांत दुकानदाराला त्रास देणं बरोबर नाही. चहा साखरेचा. पण अर्धा.

८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी

उत्त्याचं आज वर्ष पूर्ण. ऑटो-रिन्यूअल झालं असेल. ग्राहकाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही. आमच्या खात्यात एक पेन्शन सुरू व्हायला सहा महिने लागतात.

९ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.१०

नेहरू पार्कात उत्त्या आधीच येऊन बसला होता. रोज मीच त्याची वाट पाहतो. मोबाइल पुढे करून म्हणाला, "शेष्या, हे पाय बरं काय होय. सात हजार कटले."

पाहिलं. ₹७,३१४.८२. गल्लामित्रच्या नावाने.

मी त्याला शांतपणे सांगितलं की ही टेक्निकल चूक आहे. ब्याऐंशी पैसे कोणी माणूस लावेल का? मशीनचीच चूक. चोवीस तासांत परत येतील. तो म्हणाला, "खात्यात मोजून ठेवले होते रे. नागपूरच्या व्यापाऱ्याचा चेक लागून राहिला." मी म्हटलं, मी आहे ना. तो म्हणाला, "तू आहे म्हणूनच मले फिकीर नाही." मग आम्ही नेहमीप्रमाणे तीन चकरा मारल्या.

घरी येऊन कंपनीच्या चॅटवर तक्रार नोंदवली. टीना नावाच्या मॅडम आहेत. फार नम्र. मी दोन ओळी लिहायच्या आत उत्तर. आमच्या आस्थापना विभागात अशी एक बाई असती तर जिल्ह्याचं भलं झालं असतं.

त्याच दिवशी, सायंकाळी ५

टीना मॅडमचं म्हणणं: चूक नाही. मूळ दर चार हजार नऊशे नव्व्याण्णव. गोपाल म्हणजे उत्त्याचा मुलगा, तोही आपल्या मोबाइलवरून बिलं करतो, त्याचे बाराशे वेगळे. वर अठरा टक्के जीएसटी. चौदाशे नव्व्याण्णव फक्त पहिल्या वर्षापुरते होते. पत्रकावर तसं स्पष्ट दिलं आहे.

पत्रक काढलं. भिंग घेतलं. ‘दरवर्षी फक्त ₹१,४९९’ याच्या डोक्यावर एक चांदणी आहे. तिचा खुलासा अगदी तळाशी, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. वर्षभर मी ती चांदणी डिझाइन समजत होतो.

तरी पण दिलं आहे हे खरं. आदल्या दिवशी ग्राहकाला एसएमएस पण गेलेला आहे. इंग्रजीत होता, पण गेला होता. प्रक्रियेत दोष काढता येत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुकानावर जाऊन उत्त्याला सविस्तर समजावून सांगितलं. ऑफर काय असते, अटी काय असतात, सगळं. दुकानात दसऱ्याची गर्दी होती. माझा आवाज थोडा वाढला असेल, तो ट्रॅफिकमुळे. एकंदरीत चर्चा चांगली झाली. त्याला पटलं असावं, कारण नंतर तो काहीच बोलला नाही.

खात्यात ₹६१९.९० जमा झाल्याचा मेसेज. कशाचे ते पाहणे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी आजच्या दिवशी सकाळी सातला उत्त्या स्कूटरवरून पांढरी शेवंती घेऊन येतो. वंदनेसाठी. पंधरा-वीस वर्षांत त्याने एकदाही चुकवलं नाही, आणि एकदाही पैसे घेतले नाहीत. भागीरथाने तसबिरीसमोर ताटली मांडून ठेवली होती.

साडेनऊपर्यंत वाट पाहिली. धावपळ असेल. आज त्याचा सीझनचा दिवस.

भागीरथा शेवटी पायीच टिळक रोडला गेली आणि पाऊण तासाने झेंडू घेऊन आली. म्हणाली, शेवंती नाही त्याच्याजवळ. गुलाबही नाही. नागपूरच्या व्यापाऱ्याचा चेक वापस गेला, म्हणून त्याने मालच पाठवला नाही. खात्यात चेकपुरते होते, त्यातून सात हजार निघून गेले. घरच्या मळ्यातला झेंडू तेवढा विकून राहिले. दहा वाजताच दुकान अर्धं रिकामं.

झेंडूचे पैसे किती, विचारलं. म्हणाली, "साठ. त्यानं नको म्हटलं, म्या ठेवून आली."

झेंडूही चांगला दिसतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

उत्त्या पार्कात आला नाही. काल पण नव्हता. गुडघा दुखत असेल, त्याला पावसाळ्यानंतर त्रास होतो. एकट्याने दोन चकरा.

कंपनीला ईमेल. विषय: ग्राहक क्र. १ यांचेकडून जादा वसूल रकमेचा परतावा मिळणेबाबत. संदर्भ, प्रत, सगळं व्यवस्थित. आतापर्यंत माझ्या ड्राफ्टवर साहेबांनी कधी पेन लावला नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

स्मरणपत्र क्र. १.

गुडघाच असणार.

२३ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ११

तेल्हाऱ्याहून नत्थुजींचा फोन. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, माझा तिसरा ग्राहक. त्यांचेही कटले. "साहेब, तुमी तर चौदाशे म्हणे होते, दरसालचे." मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. मीटिंग म्हणजे मी मेथी निवडत होतो.

दुपारी बाळापूरच्या पार्बताबाई. त्यांचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. त्या रागावल्या नाहीत, रडल्या. हे जास्त अवघड गेलं.

मोबाइल सायलेंटवर ठेवला. सतत वाजण्याने बॅटरी खराब होते.

टीना मॅडमना विचारलं की तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं. त्या म्हणाल्या, ‘मी तुमची अडचण समजू शकते.’ किती दिवसांनी हे वाक्य ऐकलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. उत्त्याकडून फराळाचा डबा आला नाही. तेलाचे भाव वाढले आहेत, अनेकांनी केलंच नसेल.

जेवताना भागीरथा म्हणाली, "आपल्या जवळचे सात हजार देऊन द्या न त्याले. अन् चुकलं म्हणा. सरलं."

मी तिला तत्त्व समजावलं. मी दिले तर चूक माझी ठरते. चूक कंपनीची आहे. कंपनीचा परतावा येईल, तो पत्रासहित मी स्वतः नेऊन देईन. म्हणजे रक्कम पण मिळाली आणि माझा शब्दही राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाय झिजून राहिले का तुमचे?" आणि ताट उचललं.

बायकांना कार्यपद्धती कळत नाही.

संकल्प: उद्या उत्त्याकडे जाणे. सहज म्हणून.

६ नोव्हेंबर, बुधवार

गेलो नाही. स्मरणपत्र क्र. ४ चं उत्तर येण्याची दाट शक्यता होती. हातात काहीतरी असावं माणसाच्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती

कंपनीचं रीजनल ऑफिस अमरावतीला आहे, माझ्या नेमणूक पत्रावर पत्ता आहे. प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. सकाळची एसटी धरली. फाइल, पत्रक, भिंग, गळ्यात ओळखपत्र.

राजापेठेजवळ दुसरा मजला. तिथे शिवणक्लास आहे. बारा-पंधरा बाया मशीनवर बसलेल्या. मी दारात उभा राहिलो तर मास्तरीण बाई म्हणाल्या, ब्लाउजचं माप बायकांनीच द्यायला यावं लागते. कंपनीचं विचारलं तर म्हणाल्या, दीड वर्षापूर्वी दोन टेबलं होती, तीन महिन्यांत उचलून नेली.

म्हणजे ऑफिस मोठ्या जागेत हललेलं दिसतं. प्रगतीचं लक्षण.

रश्मीकडे जेवायला गेलो. पोरगी बँकेत आहे, नवऱ्याबरोबर साईनगरात राहते. तिने पत्रक दोन मिनिटांत वाचलं, भिंग न घेता. मग माझा मोबाइल मागितला आणि टीना मॅडमशी झालेली माझी सगळी बोलणी वर-खाली केली. म्हणाली, "बाबा, ही बाई नाही. मशीन आहे. कोणालेही हेच उत्तर देते."

मी म्हटलं, पण फार समजून घेते. रश्मी पाणी आणायला आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही.

बसस्टँडवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "उत्तमकाकांकडं जा बाबा. फाइल नेऊ नका."

३० नोव्हेंबर, शनिवार

बातमी: उत्त्याच्या पोरीचं, खुशीचं लग्न ठरलं. मुलगा धामणगाव रेल्वेचा. मला ही बातमी इस्त्रीवाल्याकडून कळली.

साहजिक आहे. सगळं पक्कं झाल्याशिवाय घरच्या माणसाला सांगत नाहीत, उगीच बोभाटा नको म्हणून.

खुशीला पहिली सायकल मी शिकवली होती. तेव्हा माझं कोपर फुटलं होतं.

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळी १०

भागीरथा हल्ली रोज दुपारी विहारात जाते. चांगलं आहे. आज निघताना उंबऱ्यात थांबली. म्हणाली, एक विचारू का. विचार म्हटलं.

"दुकानात चार माणसांसमोर तुमी उत्तमभाऊले काय म्हणे होते?"

मी म्हटलं, चर्चा झाली होती. नियम समजावले.

ती म्हणाली, "वच्छलानं सांगतलं मले." आणि गेली.

वच्छला म्हणजे उत्त्याची बायको. तिथे नव्हती ती त्या दिवशी. ऐकीव माहितीवर काही ठरवता येत नाही.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ६

या वहीत खरं तेच लिहायचं असं पहिल्या पानावर लिहिलं आहे. म्हणून लिहितो.

१० ऑक्टोबरला दुकानात उत्त्या, गोपाल आणि चार गिऱ्हाइकं होती. उत्त्या ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला, "शेष्या, तू दरवर्षी चौदाशे म्हटलं होतं." मी पत्रक काढून चांदणी दाखवली. तो म्हणाला, मले हे वाचता येत नाही. सातवीनंतर तो मळ्यावर गेला, मी पुढे शिकलो. माझ्या नोकरीच्या अर्जांना तिकिटं लागायची, ती त्याच्या हारांच्या पैशांतून यायची.

गिऱ्हाइकं पाहत होती. मला वाटलं, सगळे मला ठग समजून राहिले. मी मोठ्याने म्हटलं, "वाचून मान्य करावं लागते. तुले इंग्रजी येत नाही त्याले मी काय करू?"

तो म्हणाला, "येत नाही म्हणूनच तर तुले इचारलं होतं."

आणि पुढच्या बाईला गजरा बांधून दिला.

बाळापुरात आमच्या वस्तीतल्या पोराला त्यांच्या आळीत कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, असे ते दिवस होते. पाचवीत असताना उत्त्याने माझा हात धरला आणि थेट चुलीपाशी नेऊन बसवलं. त्याची आई घडीभर थांबली. मग तिने दुसरं ताट घेतलं. मी खाल्लं ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, आणि मला कधी आठवण करून दिली नाही.

आणखी एक. ते ₹६१९.९०. कशाचे ते पाहणे असं लिहिलं होतं. पाहायची गरज नव्हती, मेसेजमध्ये लिहिलेलं होतं. रिन्यूअलवर दहा टक्के, उत्तम फुलवाले. मला त्याच दिवशी माहीत होतं.

संकल्प: उद्या जाणे. उद्याच.

१६ डिसेंबर, सोमवार

सर्दी.

२४ डिसेंबर, मंगळवार

बँकेतून सात हजार तीनशे पंधरा काढले. पाकिटात ठेवले. पाकिटावर काय लिहावं ते सुचलं नाही. ‘उत्तमराव यांस’ लिहिलं, खोडलं. नवीन पाकीट.

३० डिसेंबर, सोमवार

निघालोच होतो. कॅलेंडर पाहिलं तर अमावस्या. मी मानत नाही. पण तो मानत असेल.

११ जानेवारी २०२५, शनिवार. दुपारी १

गेलो. पाकीट घेऊन दुकानासमोरून दोनदा गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो.

उत्त्या नव्हता. गोपाल गल्ल्यावर. उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. बाबा वावरात गेले म्हणाला. समोर लाल कापडाची वही होती, तिच्यात तो पेनाने उधारी मांडत होता. मी विचारलं, मोबाइलवर नाही करत? म्हणाला, "बंद केलं काका. पुढच्या साली अजून कटाले नको."

मी पाकीट टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे बाबांना दे. त्याने उघडलं नाही. सरकवून माझ्यापुढे केलं. "राहू द्या काका. गेले ते गेले. बाबा म्हणे, शेषरावकाकाले पैशाचं काही बोलू नको."

मी म्हटलं, तरी पण.

तो म्हणाला, "बाबाले पैशाचं नाही वाटलं काका."

गोपाल उद्धट बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं. चहा गोड होता. पूर्ण प्यालो.

उत्त्या वावरात होता तर त्याची स्कूटर दुकानामागे उभी का होती, हे मी विचारलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीकडून ईमेल! मी पाठवलेल्या अकरा स्मरणपत्रांनंतर. मजकूर: पार्टनर योजना बंद करण्यात येत आहे. आपल्या योगदानाबद्दल आभार. सोबत प्रमाणपत्र जोडले आहे. परताव्याबद्दल काही नाही. ग्राहकांना पुढच्या रिन्यूअलवर पंधरा टक्के सूट मिळेल, असं खाली आहे. त्याच्याही डोक्यावर चांदणी आहे.

प्रमाणपत्राची कलर प्रिंट काढली. वीस रुपये. नाव ‘सेशराव’ छापलं आहे.

नत्थुजींना फोन करून सांगितलं की माझ्याकडे आता अधिकार नाहीत. ते म्हणाले, "तुमच्याजवळ होते तवा तरी काय केलं?" आणि ठेवून दिला. पार्बताबाईंचा नंबर तीनदा काढला. लावला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी ६

पत्रिका आली. लग्न २३ तारखेला, बाळापूर रोडवरच्या लॉनवर. गोपाल घेऊन आला होता. उत्त्या स्वतः आला नाही, पण पत्रिका वाटणं हे मुलांचंच काम असतं. वर सुवाच्य अक्षरात: श्री. शेषरावजी तायडे साहेब, सहपरिवार.

गोपालच्या लग्नात आम्हाला पत्रिकाच नव्हती. उत्त्या म्हणाला होता, तुले कायची पत्रिका, तूच वाट. दोनशे पत्रिका मी वाटल्या होत्या.

गोपाल निघताना भागीरथाला म्हणाला, "काकू, उद्या याल न? आईनं मुगवड्या घालाले घेतल्या." ती म्हणाली, येतो.

तो गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "दोन महिन्यांपासून जाऊन राहिली मी. पापड झाले, शेवया झाल्या. पहिल्या दिवशी वच्छलाच्या पाया पडाले गेली त तिनं हात धरले." मी म्हटलं, विहार? म्हणाली, "विहारात बी जातो. सकाळी."

माफी तिने मागितली. तिची काही चूक नव्हती.

मी विचारलं, उत्त्या काही म्हणतो का. ती म्हणाली, "वाट पाह्यली त्यानं तुमची. दिवाळीपर्यंत तर रोज पाह्यली."

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या लग्न. कोट धुऊन आणला. आहेराच्या पाकिटात ते सात हजार तीनशे पंधरा टाकावेत असं मनात आलं. रश्मी अमरावतीहून आली आहे, ती म्हणाली, "बाबा, खुशीच्या आहेरात तुमचा हिशेब नका घालू." अकराशे एक टाकले.

बोलायचं ठरलं आहे. लांबण लावायची नाही. ‘उत्त्या, चुकलो रे.’ एवढंच. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७

काल लग्न झालं. चांगलं झालं.

भागीरथा आणि रश्मी सकाळीच पुढे गेल्या होत्या. मी अकरा वाजता ऑटोने गेलो. ऑटोत चार वेळा म्हटलं. ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं.

उत्तमराव लॉनच्या दारातच उभा होता. केशरी फेटा, नवे कपडे. वाळला आहे. मला पाहून दोन्ही हात जोडले. म्हणाला, "या साहेब, या. बरं झालं तुमी आले."

पन्नास वर्षांत तो मला कधी तुमी म्हणाला नव्हता. रागाने नाही म्हणाला. जावयाकडच्या माणसाशी बोलावं तसं, अगदी आदराने.

मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही, नाही, तुमी तुमचं पाहा. तुमाले आज लय कामं असतील."

तो म्हणाला, "जेवल्याशिवाय जाऊ नका." मी म्हटलं, हो, हो. त्याने गोपालला हाक मारली, साहेबांले समोर बसव. मागून वऱ्हाडाची गाडी आली आणि तो तिकडे गेला.

पुढच्या सोफ्यावर बसलो. शेजारी पाटबंधारेचे एक रिटायर डेप्युटी इंजिनियर. मंडळींचा सत्कार झाला, मलाही टॉवेल, टोपी, नारळ मिळालं. माइकवर नाव घेतलं. गोपालच्या लग्नात कोठीच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. बुंदी मोजून द्यायला मी, आचाऱ्याशी भांडायला मी. दिवसभर बसलो नव्हतो, रात्री पाय सुजले होते. काल कोठीवर उत्तमरावचा साडू होता. त्याला बुंदीचा अंदाज नव्हता, पंगतीत दोनदा कमी पडली. सोफ्यावरून दिसत होतं. उठून सांगावं वाटलं. पण सोफ्यावरच्या माणसाने कोठीत जायचं कसं.

अक्षता झाल्यावर भेटायला गेलो. खुशी पाया पडली. डोकं वर करून म्हणाली, "काका, तुमी इथं सोफ्यावर काहून बसले? म्या तुमाले कोठीत पाहून आली." मी म्हटलं, आता वय झालं बेटा. ती हसली. तिला कोणी काही सांगितलेलं दिसत नाही. त्यांनी पोरीला सांगितलं नाही.

जेवण चांगलं होतं. वांग्याची भाजी, कढी, पुरी. उत्तमराव पंगतीतून आग्रह करत फिरत होता. माझ्यापाशी आला, बुंदी वाढायला लावली, "घ्या, घ्या साहेब," म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला.

मुलगी वाटेला लावताना भागीरथा आणि वच्छला एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी जरा दूर, इंजिनियर साहेबांजवळ उभा होतो. त्यांनी विचारलं, तुमचे काय संबंध या घराशी. मी म्हटलं, ओळखीचे आहेत. बाळापूरचे.

परत येताना ऑटोत भागीरथाने विचारलं, "बोलले का त्याच्याशी?"

मी म्हटलं, हो. दोघंही चांगलं बोललो.